दागिन्यालाही सन असतो

राजघराण्यातला हार संग्रहालयाच्या कपाटात ठेवला की त्याच्याखालच्या पाटीवर शतक येते, दरबाराचे नाव येते, खड्यांची जात आणि वजन येते. जमल्यास घडवणाऱ्याचेही नाव येते. त्याच संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात एखाद्या गोंड किंवा कुर्मी बाईच्या गळ्यातली चांदीची हसळी मांडलेली असते. तिच्या पाटीवर बहुधा 'पारंपरिक अलंकार, चांदी' एवढेच लिहिलेले असते. दोन्ही वस्तू एकाच काळातल्या असू शकतात, पण एकीच्या वाट्याला इतिहास येतो आणि दुसरीच्या वाट्याला परंपरा. एकोणिसाव्या शतकातल्या दागिन्यांची प्रदर्शने गेली दीडशे वर्षे जगभर भरत आली आहेत. त्यांचा आढावा घेताना मला हाच प्रश्न मध्यवर्ती वाटतो: सामान्य माणसाच्या दागिन्याला सन का नाही, आणि तो देता येईल का?

हा प्रश्न तपासायला रायपूरइतकी सोयीची जागा थोडी असेल. शहराच्या जुन्या भागात १८७५ साली स्थापन झालेले महंत घासीदास स्मारक संग्रहालय आहे. तिथून वीसेक किलोमीटरवर वसवलेल्या नवा रायपुरात २०२५ या एकाच वर्षात दोन नवी संग्रहालये उघडली. मे महिन्यात आदिवासी संग्रहालय सुरू झाले आणि १ नोव्हेंबरला, छत्तीसगड राज्याच्या रौप्यमहोत्सवी दिवशी, शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचे संग्रहालय. संग्रहालय या कल्पनेचा हिंदुस्थानातला आरंभकाळ आणि तिचे आजचे रूप एका तासाच्या प्रवासात पाहता येते. मराठी वाचकाला तर हा मुलूख परका नाही. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला येऊन राहिले तेव्हापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. पुढे १८६१ ते १९५६ रायपूर आणि नागपूर एकाच मध्यप्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. रतनपूरच्या जाजल्लदेव राजाचा शिलालेख नागपूरच्या संग्रहालयात पोहोचला तो याच नात्याने.

प्रदर्शनांचे शतक

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानचे दालन मांडले आणि युरोपच्या सामान्य प्रेक्षकाने इथले दागिने पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या संख्येने पाहिले. कोहिनूरही त्याच प्रदर्शनात होता. तो लोकांना पुरेसा चमकदार वाटला नाही म्हणून पुढच्याच वर्षी त्याला नवे पैलू पाडले, आणि १८६ कॅरटचा हिरा १०५ कॅरटवर आला. प्रेक्षकाच्या आवडीसाठी वस्तूच बदलून टाकण्याचे हे टोकाचे उदाहरण. त्याच प्रदर्शनातून लंडनच्या नव्या संग्रहालयासाठी हिंदुस्थानी कारागिरीचे नमुने विकत घेतले गेले. पुढे ते संग्रहालय साउथ केन्सिंग्टन म्युझियम आणि शेवटी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम झाले.

प्रदर्शने आणि संग्रहालयांच्या या चळवळीचा एक मोठा भाष्यकार आपल्या मातीत जन्मला होता. जॉर्ज बर्डवुड यांचा जन्म १८३२ साली बेळगावात झाला. मुंबईत त्यांनी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासोबत शहराला संग्रहालय मिळावे म्हणून खटपट केली. भायखळ्याचे ते संग्रहालय १८७२ मध्ये लोकांना खुले झाले आणि आज भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाते. बर्डवुड यांचे 'द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' हे पुस्तक १८८० मध्ये आले. यंत्राच्या मालाला कंटाळलेल्या या माणसाने गावच्या सोनाराचे, कोष्ट्याचे, कुंभाराचे मनापासून कौतुक केले. मात्र त्या कौतुकात एक गृहीतक दडलेले होते. हिंदुस्थानातले गाव हजारो वर्षे आहे तसेच आहे आणि तिथला कारागीर काळाच्या बाहेर बसून आजोबा-पणजोबांचेच नमुने उतरवतो, असे ते मानत. कपाटातल्या पाटीवर आज जो 'पारंपरिक' शब्द दिसतो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या कौतुकात आहे.

मध्यप्रांताची कथा याच काळातली. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ मध्ये सुरू झाले. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. डिसेंबर १८६५ मध्ये मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत नागपुरात कला, कारागिरी आणि शेतमाल यांचे मोठे प्रदर्शन भरले. पुढच्या वर्षी जबलपूरच्या प्रदर्शनात माल आणि वस्तूंच्या जोडीला आदिवासी माणसेच आणून उभी केली गेली. १८६८ मध्ये छापलेल्या वांशिक समितीच्या अहवालाच्या शीर्षकात या माणसांना 'नमुने' म्हटले आहे. त्यांची उंची, नाक, कपाळ, भाषा आणि अंगावरचे दागिने सगळे एकाच दृष्टीने नोंदवले गेले. आदिवासींचा दागिना संग्रहालयात शिरला तो या दाराने. तो मालकिणीची मिळकत किंवा सोनाराचे काम म्हणून आला नाही, जमातीची खूण म्हणून आला. जमातीच्या खुणेला सन लागत नाही, कारण ती कायमची असते असे धरलेले असते.

रायपूरचे संग्रहालय १८७५ चे. राजनांदगावच्या बैरागी गादीचे राजे महंत घासीदास यांनी ते उभारून दिले. सतनामी पंथाचे गुरू घासीदास वेगळे. नावाच्या सारखेपणामुळे बाहेरच्यांचा अनेकदा घोटाळा होतो. विरक्तांच्या गादीने उभारलेल्या संग्रहालयात पुढे अलंकारांचे दालन यावे यात थोडी गंमत आहे. मूळ इमारत अष्टकोनी होती. राणी ज्योतीदेवी आणि राजा दिग्विजयदास यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या सध्याच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केले. या संग्रहालयाची कीर्ती आहे ती सिरपूरच्या धातुमूर्तींसाठी, ताम्रपटांसाठी आणि शिलालेखांसाठी. आदिवासींचे कपडे, दागिने, भांडी, हत्यारे यांचा विभाग आहे, पण तो त्या मानाने मागे राहतो. मूर्तींच्या पाट्यांवर शतके असतात, ती पुरातत्त्वाची शिस्त. ती शिस्त जिना चढून मानववंशाच्या दालनात पोहोचत नाही, हे देशातल्या बहुतेक जुन्या संग्रहालयांचे दुखणे आहे.

राजांच्या दागिन्यांना सन कसा मिळाला

राजांचे दागिने कागदावर होते. जामदारखान्याच्या याद्या, खिलतींच्या नोंदी, जवाहिऱ्यांची बिले आणि सर्वांत शेवटी लुटीचे आणि लिलावाचे दप्तर. नाशिकचा हिरा घ्या. त्र्यंबकेश्वराशी जोडला जाणारा हा सुमारे ९० कॅरटचा हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पराभवानंतर इंग्रजांच्या हाती पडला, लंडनला गेला, रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांकडे आला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी त्याला नव्याने पैलू पाडले, आणि आज तो ४३.३८ कॅरटचा आहे. दोनशे वर्षांतला त्याचा जवळजवळ प्रत्येक मालक ठाऊक आहे.

नागपूरकरांच्या जवाहिराची कथा छत्तीसगडला अधिक जवळची आहे. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, औरस वारस नाही म्हणून गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. त्यानंतर राजवाड्यातली चीजवस्तू विक्रीला निघाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजूला विकले गेले आणि दागिने कलकत्त्याला नेऊन हॅमिल्टन कंपनीमार्फत लिलावात काढले. सत्तावनच्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन विल्यम के यांनी या विक्रीने राजघराण्याचा आणि लोकांचा किती अपमान झाला हे लिहून ठेवले आहे. रतनपूर-रायपूरच्या शेतसाऱ्यातूनही भरलेला तो खजिना कलकत्त्यात सुटासुटा विकला गेला. त्याचे एकत्र प्रदर्शन आता कधीच भरू शकत नाही, पण विक्रीचे वर्ष इतिहासात राहिले.

उलट टोकाला हैदराबादच्या निजामांचे दागिने आहेत. ते फुटले नाहीत. १९९५ मध्ये भारत सरकारने १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतले आणि रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत ठेवले. २००१ नंतर दिल्ली आणि हैदराबादला त्यांची मोजकी प्रदर्शने झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते पुन्हा मांडले गेले. प्रत्येक नगाचा काळ, खडे आणि घडण यांवर अभ्यासकांनी बारकाईने लिहिले आहे. लंडनला २०१५ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये भरलेल्या अल थानी संग्रहाच्या प्रदर्शनातही तेच. एकोणिसाव्या शतकाचे 'भारतीय दागिने' म्हणून जगापुढे जाते ते मुख्यतः हे: सोने, कुंदन, मीना, पाचू, मोती. देशातल्या बहुतेक बायकांच्या अंगावर त्यातले काहीच नव्हते.

अंगावर काय होते

छत्तीसगडच्या मैदानी भागातल्या शेतकरी बाईचा साज चांदीचा. गळ्यात सुता, म्हणजे आपल्या हसळीसारखा घट्ट गोल दागिना. त्याखाली पुतरी, आणि रुपयांना कडी जोडून ओवलेली रुपयामाळ. दंडावर नागमोरी, मनगटावर पिळाची ऐंठी आणि ककनी, कमरेला करधन, कानात खिनवा, ढार किंवा तरकी, पायात पैरी, साटी, लच्छे, तोडे आणि बोटांत बिछिया. विदर्भातल्या बाईला यातले निम्मे दागिने चटकन ओळखू येतील, कारण पूर्व विदर्भ आणि छत्तीसगड यांच्यात सोनारही फिरत आणि सुनाही. सोने असलेच तर नाकातल्या फुलीपुरते. पायात सोने घालायचे नाही हा दंडक सगळीकडे होता, पण ज्यांच्याकडे सोनेच नव्हते त्यांना तो पाळण्याचा प्रश्न आला नाही.

बस्तरमध्ये धातू बदलतो. तिथे पितळ आणि कासे मोठ्या प्रमाणावर दिसते. मेणाचा साचा करून पितळ ओतणारे घडवा कारागीर आज देवमूर्ती आणि शोभेच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहेत; कोंडागावचे जयदेव बघेल यांच्यामुळे ती कला जगभर गेली. त्यांच्या आधीच्या पिढ्यांचे मुख्य काम मात्र भांडी, घुंगरे, वाळे आणि कडी ओतण्याचे होते. मुरिया मुलामुलींच्या घोटुलात, म्हणजे युवागृहात, लाकडी फण्यांना मोठे मोल होते. मुलगा स्वतः कोरलेली फणी मुलीला देई. व्हेरियर एल्विन यांनी १९४७ च्या मुरियांवरील ग्रंथात हे तपशिलाने टिपले आहे. दंडामी माडियांचा गव्याच्या शिंगांचा शिरपेच, कपाळावरून लोंबणाऱ्या कवड्यांच्या सरी, बारीक काचमण्यांच्या माळा, हे सगळे याच मुलखातले.

आता हे सगळे 'पारंपरिक' म्हणून सोडून द्यायचे का? कवडी मालदीवच्या समुद्रातली. शेजारच्या ओडिशात ती चलन होती, आणि इंग्रजांनी कवड्यांत शेतसारा घेणे बंद केले हे १८१७ च्या पाइक उठावाच्या कारणांपैकी एक मानले जाते. चलनातून उतरलेली कवडी दागिन्यात राहिली. बारीक काचमणी एकोणिसाव्या शतकात व्हेनिस आणि बोहेमियातून हिंदुस्थानच्या बाजारात येत. बस्तरच्या जंगलातली माळ त्यामुळे मुंबई आणि कलकत्त्याच्या बंदरांशी बांधलेली होती. आणि रुपयामाळ तर स्वतःचा सन अंगावर घेऊन फिरते.

कंपनी सरकारने १८३५ मध्ये एकसारखा रुपया पाडायला सुरुवात केली. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, चांदी बारात अकरा भाग. सोनाराच्या तराजूत रुपया हाच तोळा झाला आणि चांदीचे दागिने 'इतक्या रुपयांचे' म्हणून मोजले जाऊ लागले. १८३५ च्या रुपयावर चौथा विल्यम, १८४० च्या रुपयावर तरुण व्हिक्टोरिया, १८६२ पासून राणीचा नवा मुखवटा, १८७७ पासून 'एम्प्रेस'. माळेतला सर्वांत अलीकडचा रुपया कोणता हे पाहिले की ती माळ त्या वर्षाआधी पुरी झालेली नाही हे कळते. एक खाचखळगा आहे. १८६२ हा आकडा टांकसाळींनी १८७४ पर्यंत तसाच ठेवला, त्यामुळे त्या सनाचे नाणे बारा वर्षांत केव्हाचेही असू शकते. तरीही 'पारंपरिक' या शब्दापेक्षा ही माहिती कितीतरी जास्त आहे.

वितळलेले शतक

सामान्य बाईचे जुने दागिने संग्रहालयात कमी का आहेत? चोरी, फॅशन, वाटण्या ही कारणे आहेतच. सर्वांत मोठे कारण मात्र दागिन्याच्या कामातच आहे. दागिना ही तिची ठेव होती आणि ठेव मोडण्यासाठीच असते. त्यामुळे चांदीचा इतिहास बघितल्याशिवाय या दागिन्यांचा इतिहास लिहिता येत नाही.

१८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झाले, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाड, हिंगणघाट, खानदेशच्या कापसाला तोंडाला येईल तो भाव आला. त्याच्या बदल्यात हिंदुस्थानात चांदी ओतली गेली. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी त्या वर्षांतल्याच. सोनारांना एवढे काम त्याआधी क्वचितच मिळाले असेल. छत्तीसगड भाताचा मुलूख, कापसाचा नव्हे, पण तिथला भात बाहेर जाऊ लागला तो रेल्वेने. नागपूरहून निघालेली मीटरगेज रेल्वे १८८० च्या दशकात राजनांदगावपर्यंत आली. पुढे बेंगॉल नागपूर रेल्वेने ती घेऊन रुंद केली आणि रायपूर-बिलासपूरवरून बंगालकडे नेली. धान्य निघाले, रुपया आला, रुपयामाळ लांब झाली.

मग उतार लागला. १८७० च्या दशकात जर्मनीसह युरोपातल्या देशांनी चांदीचे चलन सोडले, चांदी जगभर स्वस्त झाली. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातून शेतकऱ्यांचे दागिने गाड्या भरभरून मुंबईच्या टांकसाळीकडे आले. दुष्काळ आयोगापुढे ते शेतकऱ्यांच्या हलाखीचा पुरावा म्हणून मांडले गेले. तोवर एक सोय होती: चांदी टांकसाळीत नेली की तिचे रुपये पाडून मिळत. १८९३ मध्ये सरकारने ही मुभा बंद केली. रुपयाची किंमत सरकारी हुकमाने टिकली आणि चांदीची घसरत राहिली. ज्या बाईच्या कपाटात रुपये होते तिचे फारसे बिघडले नाही. जिच्या पायात तोडे होते तिची ठेव रातोरात हलकी झाली. नेमके त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्यप्रांतावर कोसळले. रायपूर, बिलासपूर, बालाघाट, भंडारा सगळे होरपळले. दुसऱ्याला विक्रम संवताच्या १९५६ वरून छप्पनचा दुष्काळ म्हणतात. सोनाराच्या मुशीत त्या चार वर्षांत किती सुते आणि पैऱ्या गेल्या असतील याचा अंदाज त्यानंतर गावोगाव पसरलेल्या गिलटच्या, म्हणजे जर्मन सिल्व्हरच्या, दागिन्यांवरून बांधता येतो.

याचा प्रदर्शनाशी थेट संबंध आहे. राजाचा हार टिकला कारण तो मोडावा लागला नाही. गरिबाचा दागिना टिकला नाही कारण त्याने आपले काम केले. एकोणिसाव्या शतकाचे दालन लावताना केवळ टिकलेल्या वस्तू मांडल्या, तर प्रेक्षकाला त्या शतकात सगळे श्रीमंत होते असे वाटेल. या रिकाम्या जागेचा हिशेब दालनात कुठेतरी लिहिलेला हवा.

आजची दालने

नवा रायपुरातले आदिवासी संग्रहालय राज्याच्या आदिमजाती संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेच्या आवारात आहे. चौदा दालने, राज्यातल्या ४३ जनजाती, आणि विषयवार मांडणी: सण, घरे, शेतीची अवजारे, शिकारीची साधने, वाद्ये, वस्त्रे आणि आभूषणे. इथे भेट देणाऱ्याला पहिल्यांदा जाणवते ती व्याप्ती. छत्तीसगडच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार जवळजवळ एक तृतीयांश आदिवासी आहेत, आणि त्यांच्या जीवनाची अशी एकत्र मांडणी या राजधानीत आधी नव्हती. जवळच पुरखौती मुक्तांगण आहे. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये त्याचे उद्घाटन केले. तिथे बस्तर आणि सरगुजाची घरे, देवगुड्या, नाचाच्या मूर्ती उघड्यावर उभ्या आहेत आणि शाळांच्या सहली, नवी जोडपी, कॅमेरेवाले यांची वर्दळ असते. वीर नारायण सिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी झाली. त्यांच्या नावाच्या संग्रहालयात परलकोट, भूमकाल यांसारखे आदिवासी उठाव सालवार उलगडत जातात.

इथेच एक विसंगती लक्षात येते. उठावांच्या संग्रहालयात आदिवासी समाजाला तारखा आहेत, राजे आहेत, कागदपत्रे आहेत. जीवनाच्या संग्रहालयात तोच समाज विषयवार मांडला की काळ नाहीसा होतो: शिकार, शेती, सण, अलंकार. विषयवार मांडणी शिकवायला सोपी आहे, म्हणून ती जगभर चालते. पण वीर नारायण सिंह यांच्या सोनाखानच्या उठावात ज्या पिढीने भाग घेतला त्याच पिढीच्या बायकांनी कोणते दागिने घातले होते, हा दोन इमारतींमधला पूल अजून बांधायचा आहे. दोन्ही संग्रहालये एकाच शहरात आहेत ही संधी मोठी आहे.

इतर ठिकाणांचे अनुभव इथे कामाला येतील. भोपाळचे २०१३ मध्ये सुरू झालेले जनजातीय संग्रहालय आदिवासी कलाकारांच्याच हातांनी उभे राहिले. तिथे छत्तीसगडसाठी पाहुण्या राज्याचे दालन आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी एकहाती जमवलेला संग्रह रोजच्या वापरातल्या वस्तूंचा आहे. अडकित्ते, दिवे, कुलपे, फण्या, वेणीफणीच्या पेट्या यांना त्यांनी राजवाड्यातल्या वस्तूंइतका मान दिला, हे त्या काळी धाडसाचे होते. जयपूरला २०१८ मध्ये उघडलेल्या आम्रपाली संग्रहालयात चांदीचा ग्रामीण दागिना सोन्याच्या बरोबरीने, उत्तम प्रकाशात मांडलेला दिसतो. दागिने विकणाऱ्या घरानेच हे केले, याचा अर्थ बाजाराला त्यांचे मोल संग्रहालयांच्या आधी कळले. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातले 'अलंकार' दालन हडप्पापासून विसाव्या शतकापर्यंत सलग कालक्रम देते, मात्र तो कालक्रम बहुतांश सोन्याचा आहे. या सगळ्यांत सौंदर्याकडे लक्ष दिलेले दिसते. सामान्य दागिन्याच्या सनाकडे मात्र फार थोड्यांनी पाहिले आहे.

सन शोधायचा कसा

काम अवघड आहे, अशक्य नाही, आणि त्याला फार पैसाही लागत नाही. नाण्यांची गोष्ट वर आली. चांदीच्या दागिन्यातला धातू एक्स-रे फ्लुरोसन्सच्या हातातल्या यंत्राने न खरवडता तपासता येतो. त्यातले तांब्याचे प्रमाण रुपयाच्या प्रमाणाशी जुळले तर तो दागिना रुपये आटवून केला असावा, हा तर्क बळकट होतो. काचमण्यांचे रंग आणि घडण यांवरून व्हेनिसचा मणी आणि बोहेमियाचा मणी वेगळा काढणारे तज्ज्ञ आहेत. सोनारांच्या घरात जुने ठसे अजून सापडतात; एकाच ठशाचे दोन नग दोन संग्रहालयांत असतील तर ते एका पेढीचे ठरतात. १८६८ ते १८७५ दरम्यान आठ खंडांत निघालेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा छायाचित्रसंग्रह आणि त्या काळातले इतर फोटो भिंगाखाली पाहिले, तर कोणता दागिना कोणत्या दशकात कुठे होता याचे धागे मिळतात. या संग्रहाचे एक संपादक नागपूरच्या लिलावाची हकीगत लिहिणारे जॉन विल्यम के होते. राजांच्या जवाहिराविषयी तारीख-वारानिशी लिहिणाऱ्या माणसाने सामान्य माणसांचे फोटो मात्र जात-जमातीनुसार लावले. आपण आज ते उलट्या हेतूने वाचायचे आहेत.

आणखी एक मार्ग घराघरातल्या आठवणींचा. 'हा सुता माझ्या आजेसासूचा, छप्पनच्या आधीचा' असे सांगणारी म्हातारी हीही नोंदच आहे, आणि ती लिहून घेण्यासाठी फार वर्षे उरलेली नाहीत. रायपूरच्या सदर बाजारात जुनी चांदी अजून वजनावर जाते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे ओलांडलेली वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. एकोणिसाव्या शतकाचा प्रत्येक दागिना आता या व्याख्येत येतो. सराफाची मूस मात्र कायदा विचारत नाही. वितळण्याआधी फोटो, वजन आणि विकणारीने सांगितलेली दोन वाक्ये नोंदवायची सोय संग्रहालयाने सराफ्यात केली, तर दागिना वाचला नाही तरी माहिती वाचेल.

जपणुकीतही सन हरवतो. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते आणि उत्साही कर्मचारी तिला घासून लख्ख करतात. दरवेळी थोडा धातू जातो, त्याबरोबर ठशाच्या कडा आणि पायावर घासून पडलेल्या झिजेच्या खुणाही जातात. तोड्याची आतली बाजू किती गुळगुळीत झाली आहे यावरून तो किती वर्षे वापरला हे कळते. ती झीज हाच पुरावा, म्हणून बंद कपाट, कोरडी हवा आणि कमीत कमी हाताळणी हेच बरे.

काही अलंकार कपाटात येतच नाहीत. गोदना हा छत्तीसगडच्या बायकांचा सर्वांत जपलेला दागिना. देवार आणि बादी जातींच्या बायका तो गोंदत. मेल्यावर सोबत येतो तो हाच, बाकी सगळे मागे राहते, असे म्हातार्‍या सांगतात. पैरीचा आवाज आणि तोड्यांचे वजन हेही दागिन्याचे भाग आहेत. नकली, पण मूळ वजनाचा एक तोडा प्रेक्षकाच्या हातात देता आला, तर दहा पाट्यांचे काम होईल: एवढे ओझे पायात घालून ती बाई भाताच्या बांधावरून कशी चालत होती, हा प्रश्न आपोआप पडेल.

नवा रायपुराकडे जागा आहे, नवी इमारत आहे आणि सरकारचे लक्षही आहे. जुन्या रायपुराकडे दीडशे वर्षांची दाखलनोंद आहे आणि नागपूरच्या अजब बंगल्याकडे एका प्रांताचा वारसा आहे. तिन्ही संस्थांनी एकत्र येऊन एकच छोटे प्रदर्शन करावे असे सुचवावेसे वाटते: विषय १८५४ ते १९००, वस्तू पन्नासच्या आत, आणि अट एकच, की प्रत्येक वस्तूच्या पाटीवर 'पारंपरिक' हा शब्द येता कामा नये. जिथे वर्ष मिळेल तिथे वर्ष, न मिळेल तिथे दशक, तेही न जमले तर 'अमुक नाण्यानंतरचा' किंवा 'अमुक दुष्काळाआधीचा' एवढे तरी. नागपूरच्या जवाहिराचा लिलाव आणि छप्पनच्या दुष्काळात आटवलेला सुता एकाच कालपटावर आले, म्हणजे रायपूरच्या शेतकरी बाईला तिच्या राजाइतकाच इतिहास मिळेल.